तात्यांना न दाखवलेली कबर

हे मी आमच्या चर्चच्या पाळकांनाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. प्रार्थनेतसुद्धा मी या गोष्टीच्या कडेकडेने जाते — देवाला ठाऊकच आहे, मग शब्दांत कशाला आणायचं? आज तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला समजून घ्याल, याचीच मला भीती वाटते. घेऊ नका.

आमचं गाव वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. माझे वडील, आबा, दारूतून सुटले ते येशूचं नाव घेऊन. गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. आबांच्या थोरल्या भावाला, तात्यांना, हे कधीच पचलं नाही. आबा गेले तेव्हा मी अकरावीत होते. आई तात्यांच्या पायरीवर जाऊन बसली. तिने एकच मागितलं — सामायिक शेतात, बांधालगत, पुरण्यापुरती जागा.

"जाळायचा आसंल तर लाकडं म्या देतो," तात्या दारातून म्हणाले. "पुरायला हितं जागा न्हाई. त्याचा देव हाय ना? त्याला माग." आणि त्यांनी आतून कडी लावली.

आबांना टेम्पोत घालून आम्ही भोरला आणलं. रस्ता खराब होता. आईने सगळी वाट त्यांचं डोकं मांडीवर धरून ठेवलं, जसं काही त्यांना लागणार होतं. भोरच्या चर्चच्या मंडळीने आम्हाला नीट ओळखतही नसताना खड्डा खणला, गीतं गायली. पुढे त्यांनीच मला वसतिगृहात ठेवलं, शिकवलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. आज भोरमध्येच शिक्षिका आहे, रविवारी चर्चमध्ये मुलांचा वर्ग घेते. या माणसांनी मला काय दिलं ते मी विसरलेली नाही. पण कडीचा तो आवाजही विसरले नाही — आणि खरं सांगायचं तर, दोन्हींपैकी जास्त जपला तो आवाजच.

मग बऱ्याच वर्षांनी तात्या माझ्या दारात आले. वेल्ह्याहून एसटी बदलत, एकटेच. घशाच्या आजाराने वाळून गेलेले, टोपी हातात. पाणी प्यायले, तेही घोट घोट थांबून. मग म्हणाले, "सुमे, तुजा देव माज्यासारक्याला घेतो का गं? का तोबी आमच्यावानी माणूस बघून दार उघडतो?"

मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"म्या बाळूला, तुज्या आबाला, माती दिली न्हाई. लई मोठं पाप झालं. आता जायच्या आधी त्याच्याशी बोलायचंय, तुज्या देवाशी. कसं बोलत्यात?"

कसं बोलतात? मला येत होतं ते. मुलांना मी हेच शिकवते — येशूने प्राण सोडला तेव्हा देव आणि माणसांमधला, मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, आता मधे कुणी नाही, कुणाची परवानगी नाही. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला तो चोर शेवटच्या घटकेला एक वाक्य बोलला आणि देवाच्या दारातून आत गेला. मला फक्त एवढंच सांगायचं होतं — तात्या, आत्ता, इथंच बोला. चहा निवण्याआधी झालं असतं.

मी म्हणाले, "तसं नसतं, तात्या. ज्याचा अपराध केला त्याने आधी क्षमा करून सोडावं लागतं. तोवर देव ऐकत नाही."

आधी भावाशी समेट कर, असं शास्त्रात आहे. पण तिथे भाऊ जिवंत आहे. मेलेल्या माणसाने हो म्हटल्याशिवाय देवाचं दार उघडत नाही, हे कुठेही लिहिलेलं नाही. ते मी रचलं. उभ्या उभ्या, शांतपणे. मला राग अनावर झाला होता का? नाही. मला बरं वाटत होतं.

तात्यांनी मान हलवली. "व्हय, बरुबर हाय. शिकलेली पोर तू, तू कशाला खोटं बोलशील? चल, दाव मला बाळू कुठं हाय."

आम्ही कबरस्तानात गेलो. आबांच्या कबरीवर तेव्हा नाव नव्हतं — भिंतीकडेला मातीचा उंचवटा, वर गवत. आम्हा दोघांत ती ओळखणारी मी एकटीच. मी फाटकाशी थांबले.

"ह्यातला कंचा?" त्यांनी विचारलं.

"आठवत नाही," मी म्हणाले. "सगळ्यांना विचारा."

आणि त्यांनी विचारलं. प्रत्येक कबरीपाशी वाकून, हात जोडून — "बाळू, तू हायेस का रं? सोड मला." अनोळखी माणसांच्या कबरींना. लहान मुलांच्या कबरींनासुद्धा. अर्ध्यावर त्यांना दम लागला. तेव्हा ते भिंतीकडे गेले आणि त्या गवताच्या उंचवट्यावर टेकले, गुडघे चोळत. ते आबांवर बसले होते. दोघा भावांमध्ये हातभर माती होती, आणि मधे मी होते. तिथून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईल काढून वेळ बघितली आणि म्हणाले, "तात्या, शेवटची गाडी चुकेल."

थोड्या दिवसांनी चुलतभावाचा फोन आला. तात्या गेले. "शेवटपर्यंत एकच धरलं हुतं, बाळूनं सोडलं का म्हणून. ताई, तुला काय बोलले हुते का गं?"

मी नाही म्हणाले.

देवाने त्यांना माझ्या सांगण्यावर नाकारलं असेल, असं मी मानत नाही. माझा देव इतका लहान नाही. पण तात्या तसं मानून गेले. देवाविषयी खोटं सांगणारी त्यांना मीच भेटले. पाप माणसाला देवापासून तोडतं, असं मी मुलांना फळ्यावर लिहून देते. मला ते तुटलेपण जाणवतं का? रोज नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी मी पुढे जाते, भाकर घेते, द्राक्षारस घेते, परत बाकावर येऊन बसते. मला कुणी अडवत नाही. आणि तात्यांची मला दया येते म्हणाल, तर तीही येत नाही. अजून नाही.

आबांच्या कबरीवर आता सिमेंटचा क्रूस आहे. त्यावर ठळक अक्षरांत पूर्ण नाव आहे, फाटकापासून वाचता येतं. तो मी तात्या गेल्यानंतर बसवला.