वीस एकरांचा जमीनदार

आधी तो चहा खाली ठेवा. नाहीतर हसताना सदऱ्यावर सांडेल आणि बोल मला लागेल! आयुष्यात गाढवपणा मी पुष्कळ केला, पण एकाच दिवशी, एकाच खोलीत, दोनदा आणि दोन्ही वेळा उलटा, असा एकदाच.

साल साठ-एकसष्टचं असेल. मी नुकताच मॅट्रिक पास झालो होतो. आम्ही पुसदला पिंजाऱ्यांच्या मोहल्ल्यात राहायचो. अब्बा कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे. ऐन लग्नसराई, म्हणून आमच्या एवढ्याशा खोलीत गाद्यांची थप्पी पार आढ्याला टेकलेली. सगळ्या गिऱ्हाइकांच्या, बरं का! आम्ही झोपायचो चटईवर.

कॉलेज अमरावतीला आणि आमच्याकडे एस.टी.च्या तिकिटाचीही बोंब. पण मोहल्ल्याचं नशीब थोर. इथलाच एक सेठ अकोल्याला जाऊन कापसाच्या धंद्यात वर आला आणि मरताना आमच्यासाठी फंड ठेवून गेला. मोहल्ल्यातलं कुठलंही गरीब पोर असो, जात-धर्म विचारायचा नाही, कॉलेजचा खर्च फंडाचा. अट एकच, गरज खरी पाहिजे. त्यासाठी फंडाची माणसं न कळवता घरी यायची आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहून जायची. माझा अर्ज गेला होता. फंड मिळाला तर कॉलेज, नाही तर अब्बांची पिंजण होतीच.

त्यात माझ्या थोरल्या बहिणीला, रशीदा आपाला पाहायला उमरखेडहून पाहुणे येणार होते. रविवारी सकाळच्या गाडीनं. अम्मीनं शेजारून कपबश्या मागून आणल्या. आपाला शेजारच्या भाभीची रेशमी साडी नेसवली. दोघी पडद्यामागे शिऱ्याला लागल्या आणि अब्बा पाहुण्यांना आणायला स्टँडवर निघाले. निघताना मला म्हणाले, "गर्दीत चुकामूक झाली आन पाहुने थेट घरी आले, त नीट बसवजो. घराची इज्जत तुह्या हाती हाये."

माझ्या हाती इज्जत! अहो, माझ्या हाती धड पतंगाचा मांजासुद्धा टिकत नसे.

थोड्या वेळानं दारात एक बुरख्यातली म्हातारी उभी. सोबत शेरवानी घातलेला मुका-मुका भाचा. आता तुम्हीच सांगा, मी काय समजणार?

"या खाला, या! तुमचीच वाट पाहून राह्यलो."

"हो काय?" म्हातारीनं भाच्याकडे पाहिलं. भाच्यानं मान हलवली. दोघं बसली. पडद्यामागून आलेला चहा मी पुढे केला. तिची नजर थप्पीवरून वरपर्यंत गेली. "इतक्या गाद्या कायले रे?"

"पाहुने लय येतात आमच्याकडं. त्याइले चटईवर बसवता येते काय?"

"असं! जमीन-जुमला आहे मनजे?"

आता जमीन नाही म्हणावं तर आपाचं लग्न मोडतं. माझी जीभ जी घसरली ती थेट वीस एकरांवर जाऊन थांबली. "वीस एकर!"

"कुठी?"

"तिकडं... झरीकडं. जंगलाच्या पल्याड." मुद्दाम लांबची सांगितली. कोण जातंय मोजायला?

म्हातारी पुढे वाकली आणि माझ्या केसातून कापसाचा पुंजका काढून तिनं चिमटीत धरला. "आन हा?"

"शेतातला!"

"वैशाखात?"

"उशिराचा पेरा होता, खाला."

पडद्यामागून अम्मी खोकली. मी म्हटलं, चुलीचा धूर गेला असेल घशात. मग आणखी जोर चढला.

"तू पुढं शिकनार काय?"

मी मनात म्हटलं, हे बेणं, म्हणजे मी, उद्या बहिणीच्या सासरी तर येऊन पडणार नाही ना, याचा अंदाज घेतायत! "शिकनार त! अब्बा म्हनतात, अमरावतीचं काय घेऊन बसला, थेट विलायतेले जाय."

"पैशाची अडचन नाही?"

"आमाले? बाप्पा! लोकच आमच्याकडं मांगाले येतात!"

भाच्याला ठसका लागला. म्हातारीनं चहा संपवला, कपबशी जपून खाली ठेवली आणि उठली. "समजलं, बेटा. अम्मीले सलाम सांगजो." आणि गेलीसुद्धा!

अम्मी बाहेर आली. "काहून रे? पोरगी न पाहताच गेले?"

"घर पाहूनच खूश झाले!" मी छाती काढून म्हणालो.

अम्मीचा चेहरा पडला. आपानं साडी बदलली, घडी केली आणि दोघी उसनं सामान परत करायला शेजारी गेल्या. मी गादीवर लोळत सेहरा बांधलेल्या होणाऱ्या मेहुण्याची, दुलाभाईंची, स्वप्नं पाहू लागलो.

दुपारी पुन्हा कडी वाजली. दारात मेंदीच्या दाढीचे एक म्हातारबाबा आणि त्यांची बायको. दोघं धुळीनं माखलेली. म्हातारबाबा आत येताच कौलांकडे पाहू लागले, भिंती चाचपू लागले.

माझ्या डोक्यात लखकन वीज चमकली. फंडवाले! न सांगता आले! लेका, आता खरं बोलायची वेळ आली!

"घर तुमचंच काय?" बाबांनी विचारलं.

"नाही जी, भाड्याचं. गयते बी. पावसाळ्यात आमी कोपऱ्यात उभे राह्यतो."

"आन ह्या गाद्या?"

"लोकायच्या. मी आत्ता लोळून राह्यलो होतो ना, ते अब्बाले सांगू नका. आमच्या घरात एक चादर हाये, तिले बी तीन ठिगळं."

म्हातारबाबांनी बायकोकडे पाहिलं. तिनं हळूच विचारलं, "घरात पोरगी हाये ना?"

आता माझा बांध फुटला. खरं सांगतो, एवढं मात्र मी नाटक म्हणून बोललो नाही. "आपा हाये. चौथीत होती तवा शाळा सोडली, मी शिकावं म्हनून. दिवसभर रजयांना टाके घालते, बोटं सुजतात. माही मॅट्रिकची फी तिनंच भरली. आज पाहुने आलते, त बिचारी शेजारनीची साडी नेसून बसली होती. तिच्याजवळ एक बी चांगली साडी नाही. मले कॉलेजात घाला, बाबा. मी कमवाले लागलो की पहिली साडी आपाले घेईन."

आणि मी रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो. म्हातारीनंही पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, जमलं! शिष्यवृत्ती आपली!

तेवढ्यात उन्हानं लालबुंद झालेले अब्बा दारात. मला वाटलं, फंडवाल्यांना पाहून दबकतील. तर ते दोन्ही हात पसरून ओरडले, "अरे समधी! मी सकायपासून स्टँडवर, आन तुमी इथं?"

"गाडी वाटेत बंद पडली. लाकडाच्या ट्रकात आलो, त्यानं मोहल्ल्याच्या तोंडाशीच उतरवलं."

समधी! म्हणजे हेच उमरखेडचे व्याही! माझ्या पायाखालची चटई सरकली, जमीन तर आमची नव्हतीच.

"तुमच्या पोरानं सारं सांगतलं," म्हातारबाबा म्हणाले.

"काय सांगतलं?"

"घर गयते, गाद्या लोकायच्या, साडी शेजारनीची."

अब्बांनी माझ्याकडे असं पाहिलं की पिंजणीवर कापसाऐवजी मलाच घेणार. पण म्हातारबाबांनी त्यांचा हात धरला. "भाई, आजवर जितक्या घरी गेलो, तितके सारे जमीनदार निघाले. खरं बोलनारं घर हे पहिलंच. आन ज्या पोरीनं भावाले मॅट्रिक केलं, ते आमच्या घराचं सोनं करन. बोलवा तिले."

आपा शेजारून आली ती साध्या लुगड्यात. सासूनं तिची बोटं हातात घेतली आणि किती वेळ सोडलीच नाहीत. लग्न ठरलं!

सगळे गळाभेट घेत होते आणि मी मात्र खांबाला धरून उभा. कारण आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला होता. हे जर समधी, तर सकाळची ती खाला कोण?

मी अनवाणी पळत सुटलो. मशिदीजवळ विचारलं, तर कळलं की फंडाच्या सेठची बहीण नातेवाइकांकडे उतरली आहे. गेलो. ती ओट्यावर सुपारी कातरत बसली होती. मी पायाशीच बसलो.

"खाला, मी खोटं बोललो. जमीन नाही. काहीच नाही. मले वाटलं, तुमी आपाले पाहाले आले."

आडकित्ता थांबला. आणि म्हातारी अशी हसली की मुका भाचाही पहिल्यांदा तोंड उघडून खिदळला.

"अरे बावळ्या, मी याच मोहल्ल्याची पोर. माह्या लग्नाच्या गाद्या तुह्या आज्यानं भरल्या. तवा बी त्या घरात अशीच थप्पी होती आन घरचे चटईवर झोपत. लहानपनी त्या थप्पीवरून उड्या मारून मी मार खाल्ला, आन तू मले शेत दाखवतं?"

"मंग... कॉलेज?"

"सकाळीच पास केलं. बहिनीसाठी वीस एकर पेरनारा पोरगा वाया जात नसते. पन नापास झाला त याद राख, झरीची जमीन विकून सारे पैसे वापस घेईन."

आजही तो ओटा आठवतो. तिनं त्या दिवशी मला उठवून लावलं असतं, तर मी कोणाकडे तक्रार करणार होतो?

पुढं चार वर्षं ती दर उन्हाळ्यात मोहल्ल्यात यायची आणि भर रस्त्यात हाक मारायची, "काय जमीनदार, यंदा कापूस कसा हाये?" सगळा मोहल्ला दात काढायचा. दुलाभाई तर सासरवाडीला आले की आधी सातबारा मागायचे!

बी.ए. झालो. पेढे घेऊन अकोल्याला तिच्याकडे गेलो, पाया पडलो आणि चार वर्षं घोकून ठेवलेलं वाक्य बोललो. "खाला, यंदा पीक आलं."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले, माझेही आले. मग डोळे पुसत ती भाच्याकडे वळली.

"अरे, जाऊन पाहून ये जरा. जमीनदाराले विलायतेची गाडी कोन्या स्टँडवरून भेटते?"