वाइनच्या टेकडीचं फाटक

छापून आलेली बातमी बातमीदाराच्या लक्षात राहत नाही. तिचं कात्रण फाइलीत जातं आणि फाइल माळ्यावर. जे छापून येत नाही, ते मात्र नारायण पेठेतल्या आमच्या कचेरीखालच्या चहाच्या दुकानात साठत जातं. आम्ही चार-पाच जुने बातमीदार तिथे अजून जमतो. कुणीतरी वाइनचा विषय काढतं आणि मग मला गप्प बसवणं कुणाला जमत नाही. मलाही गप्प बसायचं नसतं.

कात्रजचा घाट ओलांडून दोन-अडीच तासांवर एक टेकडी आहे. तिथे एका कंपनीने द्राक्षं लावली, कारखाना काढला, भोवती लाल कौलांची घरं बांधली आणि पाटी लावली : 'वाइन टाउन'. टेकडीवर आधीपासून एक गाव होतं, वरची वाडी. ते पाटीवर नव्हतं. पुणेकरांनी सकाळी यावं, वाइन चाखावी, संध्याकाळी घरी जावं, अशी योजना. त्यासाठी आधी पत्रकारांना फुकट सहल!

संपादकांनी मीटिंगमध्ये विचारलं, "आपल्याकडे शेती कोण बघतं?"

एरवी या प्रश्नाला सगळे टेबलाकडे बघतात. त्या दिवशी माझा धरून सात हात वर झाले. क्राइमवाल्या साठ्यांचाही होता.

"साठे, तुमचा काय संबंध?"

"अहो, द्राक्षं चेचतात म्हणे. प्रकरण माझ्याकडेच यायला हवं."

* * *

यजमानाच्या बसमध्ये मी बसत नाही आणि त्याच्या घरचं खातही नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनचा नियम आहे. त्यावरून मला ऑफिसात काय काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणून आमचा फोटोग्राफर बाबर, मूळचा हडपसरचा, त्याच्या मोटरसायकलवर मी मागे बसले आणि पोळीभाजीचा डबा पिशवीत टाकला. बस पुढे, आम्ही मागे.

टेकडीच्या पायथ्याशी मोठं लोखंडी फाटक होतं. बस आत गेली आणि फाटक बंद झालं. वॉचमनने यादी काढली. माझं नाव विचारलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही आत गेलात."

"मी तुमच्यासमोर उभी आहे."

"ते दिसतंय. पण बसमधल्या सगळ्यांपुढे खूण झाली. यादीत तुम्ही आत आहात."

"मग बाहेर कोण आहे?"

त्याने यादी पुन्हा नीट पाहिली. "बाहेरच्यांची यादी नाही आपल्याकडे."

बाबर गाडी स्टँडवर लावत म्हणाला, "ताई, तुमी आत पोचलाय. आता मला कसं न्यायचं तेवढं बघा."

* * *

गावच्या गाड्या फाटकातून जात नाहीत, गावाने डोंगराला वळसा घालून पायवाटेने जायचं, असं वॉचमनने सांगितलं. आम्ही पायवाट धरली.

अर्ध्या वाटेवर एका दगडावर पांढऱ्या साडीतली बाई टेकली होती. शेजारी लसींचा निळा डबा. या शेंडगे सिस्टर, सरकारी नर्स. महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी वरच्या वाडीच्या उपकेंद्रात तान्ह्या मुलांना लस टोचायची, हे त्यांचं काम. पूर्वी दूधवाल्याची जीप त्यांना रस्त्याने पंधरा मिनिटांत वर सोडायची. रस्ता ग्रामपंचायतीचा. पण कंपनीने फाटक बसवलं. पाहुणे आले की रस्ता पाहुण्यांचा, आणि पाहुणे आता रोजच येत होते. जीप थांबली. तालुक्याहून लस घेऊन पायथ्याशी यायलाच पावणेनऊ व्हायचे आणि डबा घेऊन चढायला दीड तास लागायचा.

"मग उशिरा टोचा," बाबर म्हणाला.

सिस्टरने त्याच्याकडे अडाण्याकडे बघावं तसं पाहिलं. वाडीतल्या आया कामाला जातात दहाला, त्या सांगू लागल्या. कुठे? याच कंपनीच्या बागेत. नऊला सिस्टर पोहोचल्या तर मुलांना लस मिळते. साडेदहाला पोहोचल्या तर उपकेंद्राला कुलूप घालून परत. गेले दोन महिने तसंच झालं होतं. अकरा मुलं राहिली होती. वरचे साहेब म्हणाले, रजिस्टरमध्ये आया गैरहजर लिहा आणि मोकळ्या व्हा.

"लिहिलं?" मी विचारलं.

"नाही. गैरहजर मी होते. त्यांच्या नावापुढे कसं लिहू?"

मी वही काढली. बाबरने डबा खांद्यावर घेतला. त्या दिवशीही आम्ही पोहोचलो तेव्हा उपकेंद्रासमोर चिटपाखरू नव्हतं.

* * *

तिथून वाइन टाउन दहा मिनिटांवर. आम्ही घामाघूम होऊन शिरलो तेव्हा चाखण्याचा कार्यक्रम रंगात आला होता. कंपनीचा सहल अधिकारी मिहीर, पंचविशीतला, गळ्यात स्कार्फ. सगळ्या पुरुषांच्या हातात त्याने ग्लास दिले आणि मला न विचारता द्राक्षाचा रस पुढे केला.

"हा कशाला?"

"मॅडम, लेडीजसाठी."

मी माझी पाण्याची बाटली काढली. वाइन मला नकोच होती. पण नको म्हणायचा हक्क माझा होता, त्याचा नव्हे!

मिहीर बाबरला समजावत होता : घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, चव ओळखायची आणि या भांड्यात थुंकायचा.

बाबरने भांड्यात डोकावून पाहिलं. "एवढ्या लांब बोलावून थुकायला लावताय व्हय? आमच्याकडं ह्याला दंड हाय."

मग प्रश्नोत्तरं झाली. मी उठून फाटकाबद्दल विचारलं. मिहीर गोड हसला. "मॅडम, प्रश्न कृपया वाइनबद्दलच असावा."

"बरं. या वाइनची द्राक्षं खुडणाऱ्या बायकांच्या पोरांना लस कधी मिळणार?"

तो सगळ्यांकडे वळून म्हणाला, "जेवण तयार आहे."

सहाच्या सहा शेतीतज्ज्ञ उठले. साठे मात्र जाता जाता माझ्या कानाशी म्हणाले, "हे खरंच माझ्याकडे यायला हवं होतं."

* * *

दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या पेपरांत एकच बातमी. कंपनीचं पत्रक, स्वल्पविरामासकट. त्यात एक वाक्य होतं : 'उपस्थित पत्रकारांनी ग्रामस्थांशी मनमोकळा संवाद साधला.' ते वाक्य बस टेकडीवर पोहोचण्यापूर्वीच छापलेलं होतं. आमच्या पेपरातही ते आलं आणि त्याखाली वाइन टाउनची अर्धं पान जाहिरात.

माझी बातमी नव्हती. मी संपादकांच्या खोलीत गेले.

"बाई, तुमची बातमी उत्तम आहे," ते म्हणाले. "म्हणून तर जपून ठेवली आहे."

मी ती रोज नव्याने लिहून द्यायला लागले. रोज सकाळी सिस्टरला फोन करायचा, फाटकाचं विचारायचं, बातमी टेबलावर ठेवायची. आठव्या दिवशी संपादकांनी चष्मा काढला.

"आज पुन्हा?"

"आज पुन्हा बंद होतं."

"बाई, तुम्ही दमत नाही का?"

"सिस्टर चढतात. मी नुसती लिहिते."

त्यांनी कागद खणात ठेवला. खण आता नीट लागत नव्हता.

* * *

पुण्यातला माणूस पहिलं पान चाळतो आणि 'आजचे कार्यक्रम' हे सदर वाचतो. कुणाचं व्याख्यान, कुठे कीर्तन, किती वाजता. हा मजकूर लोक कचेरीखालच्या पेटीत टाकतात आणि तो जसाच्या तसा छापला जातो. संपादक तो बघत नाहीत. त्यांच्या मते ते पत्रकारितेत मोडत नाही.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारच्या आदल्या दिवशी मी पेटीत एक चिठ्ठी टाकली. बुधवारी सकाळी 'ज्ञानेश्वरी निरूपण' आणि 'मधुमेह : समज-गैरसमज' यांच्या मधोमध छापून आलं :

'तान्ह्या मुलांचे लसीकरण. शेंडगे सिस्टर. स्थळ : उपकेंद्र, वरची वाडी (वाइन टाउनशेजारी). वेळ : सकाळी ९. कंपनीचे फाटक बंद असल्यास १०.३०.'

पहाटे पाचला संपादकांचा घरी फोन. "बाई, हा कार्यक्रम आहे का?"

"स्थळ आहे, वेळ आहे. प्रवेशही विनामूल्य आहे."

पलीकडे पेपरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बाबरला सोबत न्या. फोटो लागेल."

* * *

बाबर मला घ्यायला आलेलाच होता. आम्ही पायवाटेने वर पोहोचलो तेव्हा नऊला दहा कमी होती. उपकेंद्राच्या पायरीवर मुलं मांडीवर घेऊन आया बसल्या होत्या आणि मला वेळ विचारत होत्या. त्याच सुमाराला खाली काय झालं, ते सिस्टरने नंतर सांगितलं.

त्या दिवशी पहाटे निघालेली वाइन टाउनची सहल पुण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाची होती. पायथ्याच्या वळणावर डबा घेऊन पायवाटेला लागणाऱ्या सिस्टर दिसल्या आणि पुढच्या सीटवरच्या एका आजोबांनी बस थांबवली. खिडकीतून वाकून त्यांनी विचारलं, "आपणच का त्या साडेदहाच्या?"

सिस्टर हो म्हणाल्या.

"पण वेळ तर नऊची दिली आहे. चढा वर."

मिहीर बसमध्ये होता. ही गाडी फक्त पाहुण्यांसाठी आहे, असं त्याने नम्रपणे सांगितलं. आजोबांनी खिशातून सकाळचा पेपर काढला, घडी उलगडली आणि सदरावर बोट ठेवलं. "आम्हीही पाहुणेच आहोत. आधी हा कार्यक्रम. तुमचं ते चाखणं नंतर बघू. कार्यक्रम चुकला तर आम्ही संघातर्फे लेखी कळवतो, आणि आमच्या सेक्रेटरींना दुसरा उद्योग नाही."

फाटक उघडलं.

बस थेट उपकेंद्रासमोर येऊन उभी राहिली. सिस्टर उतरल्या, मागोमाग संघ उतरला. आयांनी पायरी मोकळी केली. आजी-आजोबा पारावर ओळीने बसले. कुणीतरी पुढच्याला डोकं खाली घ्यायला सांगितलं. बाबरने कॅमेरा काढला. सिस्टरने डबा उघडला, सुई भरली आणि पहिल्या बाळाने टेकडी दणाणून सोडली.

आजोबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि शेजारणीला म्हणाले, "नऊ म्हणजे नऊ. वेळेवर सुरू झाला."