गळका स्टिअरिंग बॉक्स

"गळतंय म्हंजी आत हाय. गळायचं थांबलं की भ्यायचं," असे म्हणत चाचा गाडीचे बॉनेट उघडत आणि स्टिअरिंग बॉक्सवर पंजा ठेवून तेल ओतू लागत.

बारामतीत मी माती तपासणीच्या ज्या प्रयोगशाळेत काम करते, तिथली यंत्रे दुरुस्त करायला ते दर गुरुवारी बावड्याहून येत. येत ते स्वतःच्या, माझ्या वडिलांहूनही वयाने मोठ्या असलेल्या गाडीतून. स्टिअरिंगची ती पेटी इतकी झिरपायची की वाटेत दोनदा तेल भरावे लागे: एकदा इंदापूरला, एकदा काटेवाडीच्या टपरीवर. बॉनेट उघडले की चार माणसे जमत.

"चाचा, भंगारात द्या आता हिला!"

"आधी तुला देतो. तुझं वजन जास्त भरंल."

पत्नी गेल्यापासून घरात ते एकटेच होते. आठवड्याभराचे बोलणे या दोन थांब्यांवर बोलून घेत. हे मला त्यांच्या सांगण्यातून दिसत होते. पण मी गळती तेवढी मोजली.

उपाय मीच सुचवला. तेलाऐवजी पातळ ग्रीस, आणि ते भरायला ग्रीस निपल. घट्ट ग्रीस चालणार नाही. आतले दाते ते बाजूला सारतात आणि ते परत दात्यांपर्यंत येत नाही, हे मी आकृती काढून समजावले. चाचांनी कागद उलटा धरून पाहिला.

"म्याडम, इतकी वर्सं ही पेटी खोलतोय, पर हिचा फोटू आजच बघितला."

तीन गुरुवार त्यांनी काहीबाही कारणे सांगितली. चौथ्या गुरुवारी मीच ड्रिल घेऊन गाडीपाशी उभी राहिले, तेव्हा ते ओरडले, "पेटीला भोक पाडू नका! पेटी मिळायची न्हाय, बूच मिळंल." मग त्यांनी तेल भरायच्या जागेचे बूच काढले, त्याला भोक पाडले, आटे पाडले, निपल बसवले. मी ग्रीस गन दाबणार, तोच माझे मनगट धरून त्यांनी झाकणाचा एक बोल्ट सैल केला. "हवेला वाट ठिवा. न्हाईतर सील बाहीर येतंय."

माझ्या आकृतीत हवा नव्हतीच.

स्टिअरिंग एका हाताने फिरू लागले. जमिनीवर एक थेंब नाही. पुढच्या गुरुवारी चाचा तासभर आधीच प्रयोगशाळेत हजर.

"वाटेत थांबला नाहीत?"

"कशापायी थांबू? निमित्तच न्हाय ऱ्हायलं."

"अहो, चहाला थांबायचे!"

"मी चहा पीतच न्हाय, म्याडम."

मी हसले, आणि नमुन्यांकडे वळले.

चाचा जाऊन आता वर्ष होत आले. त्यांना मी शेवटचे पाहिले ते सोलापूरला मुलाखतीसाठी जाताना, काटेवाडीच्या अलीकडे. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून ते तिला जॅक लावत होते. पंक्चर असेल म्हणून मी काचेतून निरखून पाहिले. चारही चाके टणक होती. एक मोटारसायकलवाला वेग कमी करून त्यांच्यापाशी आला. चाचा लगबगीने उठले, हात पुसले, काहीतरी सांगायला तोंड उघडले. तो फक्त खड्डा चुकवत होता. मला मुलाखतीला उशीर होत होता; ड्रायव्हरला मी थांबायला सांगितले नाही.