वडाला घातलेलं बनियन

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीतल्या वडाने गेला मे महिना माझं बनियन घालून काढला.

वड म्हणजे जुन्या ड्रममध्ये लावलेलं, मनगटाएवढ्या खोडाचं पोर. वटपौर्णिमेपर्यंत ते जगवायची जबाबदारी माझ्या बायकोने, सुनंदाने, मीटिंगमध्ये माझ्या वतीने स्वीकारली होती. (मी मीटिंगला नव्हतो.) उन्हाने खोड करपायला लागलं, तेव्हा मी माझं जुनं बनियन ओलं करून त्याला गुंडाळलं. पोर तरारलं! त्या आनंदात पौर्णिमेला बनियन काढायचंच राहिलं.

सकाळी नथी घालून, आंब्यांची ताटं घेऊन बायका जमल्या.

"अगं बाई! वडाला बनियन?" नांदगावच्या आहेर वहिनी ओरडल्या. "कोनाचं हाय हे? भोकं तरी किती!"

सुनंदाने भोकं ओळखली. फरशी पुसायलाही नको म्हणून तिनेच ते मला टाकायला दिलं होतं. आता चारचौघींत तिची शोभा होणार, या भीतीने माझ्या तोंडाने मला न विचारताच बोलायला सुरुवात केली.

"वहिनी, याला इतिहास आहे! पूर्वी वाणी लोक वडाखाली दुकान मांडायचे. त्यांच्यावरून साहेबाने वडाला 'बनियन' म्हटलं, आणि ढगळ जाकिटालाही तेच नाव दिलं!" (इथवर खरं होतं. इथेच थांबायला हवं होतं.) "म्हणून नवऱ्याच्या अंगातलं बनियन वडाला बांधलं की त्याचं आयुष्य वाढतं!"

मग आहेर वहिनींनी मान वर करून हाक मारली, "अहो! बनियन काढा अन् खाली टाका!"

"अंगातलं?" गॅलरीतून आवाज आला.

"नाय तर काय दोरीवरचं? लवकर टाका!"

बघता बघता सगळ्या मजल्यांवरून बनियनं पडायला लागली! शेजारच्या सोसायटीतल्या बायकाही आपापल्या नवऱ्यांची घेऊन धावत आल्या. गॅलऱ्यांमधून उघडे नवरे माझ्याकडे बघत होते. त्या नजरा मी अजून विसरलेलो नाही.

रेटारेटीत विटांवरचा ड्रम कलंडला. मी धावत जाऊन वडाला मिठी मारली.

"भाऊजी, सोडू नका हां! मुहूर्त टळंल!" आहेर वहिनी म्हणाल्या, आणि दोरा आम्हा दोघांभोवती फिरायला लागला. बाईमागून बाई, सात सात फेरे! कपाळाला दोनदा कुंकूही लागलं.

सगळ्या गेल्यावर सुनंदा कात्री घेऊन आली.

"रागावलीस?" मी दोऱ्यातून विचारलं. "या जन्मापुरतंच मागितलंस ना मला?"

"छे! सातही जन्म हेच दे म्हटलं," दोरे कापत ती म्हणाली. "फक्त पुढच्या खेपेला यांना तोंड देऊ नकोस!"