देवीने बेडूक पाहिला नाही

पोलादपूरला मी आयुष्यात कितीतरी वेळा गेलो, पण सहल म्हणावी अशी एकदाच. साठच्या दशकातली गोष्ट. नात म्हणाली, "आजोबा, जेवताना सांगता ते इथे लिहा," आणि मला हा ब्लॉग काढून देऊन स्वतः झोपायला गेली. म्हणून लिहितो. महाबळेश्वरला जाताना आंबेनळी घाटाच्या घाईत पोलादपूर नुसतं ओलांडणाऱ्यांनी जरूर वाचावं.

मी तेव्हा महाडच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानात कापड मोजायचो. त्या उन्हाळ्यात गावात फिरता तंबू सिनेमा आला. मालक अण्णा, म्हणजे आधी भोंगा, मग पोट, मग अण्णा. त्यांच्या पेटीतून नेहमीच्या देवादिकांच्या चित्रांबरोबर तीन जपानी कार्टूनं निघाली. तिन्ही एकाच दिग्दर्शकाची. त्याचं नाव जपानीत लिहिलेलं, ते कुणाच्या बापाला वाचता येणार! आम्ही त्याला जपानीबुवा म्हणायला लागलो. पडद्यावर जपानी बोलणं चालायचं आणि अण्णा भोंग्यातून मराठीत गोष्ट सांगायचे.

जपानीबुवांचे भक्त आम्ही तिघे, आणि तिघांची तीन तोंडं. दत्तू शिंप्याचा जीव बेडकाच्या लग्नावर. जवळच्या नाते गावातल्या शाळेच्या बबन मास्तरांचा उडत्या कढईवर. माझं चित्र अस्वलीचं. तिचं पिल्लू हरवतं, ती छत्री घेऊन होडीतून त्याला शोधायला निघते, समुद्रात वादळ होतं आणि... इथेच महाडला फीत जळली. अण्णांनी ती जोडली, पण तोवर तंबू पोलादपूरला हलला होता.

पिल्लू सापडलं की नाही, या काळजीने मला घास उतरेना. दुकानाचे मालक पाच वार म्हणाले की मी सहा कापायचो. हसायचं तर हसा. माझे वडील मुंबईला गिरणीत होते आणि वर्षातून एकदा गणपतीला यायचे. शोधायला निघालेल्या माणसाबद्दल मला जरा जास्तच वाटायचं.

अण्णा दुसऱ्या दिवशी पेट्या मुंबईला परत करणार, असं कळलं आणि आम्ही एसटी पकडली. आज गाडीने अर्ध्या तासाचा रस्ता आहे. तेव्हा धूळ खात, थांब्याथांब्याला माणसं आणि कोंबड्या घेत जायचं. अधूनमधून सावित्री दिसायची, तेवढाच डोळ्यांना गारवा. मांडीवर सुकटीची पिशवी घेतलेली एक मावशी आमचं भांडण ऐकत होती.

"कसला बेडूक रे? कुनाचा लगीन हाय?" तिने विचारलं.

"बेडकाचंच," दत्तू म्हणाला.

"मंग जेवन काय हाय?"

दत्तू खिडकीतून सावित्री बघायला लागला. पोलादपूरला उतरल्यावर स्टँडजवळ गरम कांदाभजी आणि चहा घेतला. भजी उत्तम म्हणे, चहा गोड इतका की चमचा उभा राहावा. मी भजी नुसती बघितली.

तंबू ग्रामदेवीच्या देवळापुढच्या मैदानात होता. तिथे कळलं की सिनेमाच्या विजेच्या इंजिनाला तेल एकाच चित्रापुरतं उरलंय. झालं! आम्ही तिघांनी तासाभरात गावात तीन पक्ष उभे केले. मास्तरांनी कढईवर व्याख्यान दिलं, दत्तूने बेडकासारख्या उड्या मारून दाखवल्या, मी अस्वलीचं सांगता सांगता रडवेला झालो. शेवटी एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "भांडता कशाला? देवीला कौल लावा."

गुरवाने ओल्या पाषाणाला दोन बाजूंना फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. गाऱ्हाणं घालून त्याने विचारलं, "अस्वलीचा लावायचा काय?" डावं पडलं. बेडकालाही डावं. दत्तू मटकन खाली बसला. कढईच्या वेळी फुलं हलायलाच तयार नाहीत. मास्तर हळूच फुंकर घालायला वाकले, तर गुरवाने डोळे वटारले. मग तो म्हणाला,

"देवीनं एकबी बघितला नाय. मंग ती सांगल कशी?"

सगळ्या गावाला हे एकदम पटलं. आधी तिन्ही चित्रं देवीला दाखवायची, मग कौल. घराघरातून बाटल्यांतून रॉकेल आलं. पडदा देवळाच्या दाराकडे तोंड करून बांधला. पण देवीकडे पाठ करून बसायचं कसं? म्हणून सगळं गाव पडद्याच्या मागे, देवीकडे तोंड करून बसलं. चित्राची सुलट बाजू देवीला, उलटी आम्हाला.

दिवेलागणीला सुरुवात झाली. आधी कुठलं, याच्या चिठ्ठ्यांत कढई पहिली आली, बेडूक दुसरा, अस्वल शेवटी. कढई उडाली, मास्तर धन्य झाले. मग अण्णांनी इंजिनात डोकावून भोंग्यातून सांगितलं, "मंडळी, आता तेल एकाच चित्राचं."

म्हणजे बेडूक. मी निघायला माझी पिशवी उचलली. तेवढ्यात दत्तू उठून उभा राहिला.

"अण्णा, अस्वल लावा. हा येडा जेवत नाय हो. उद्या मेला तर माझ्या नावावर येल."

"आणि तुझं लग्न?" मास्तरांनी विचारलं.

"बेडकाचा हाय, माझा नाय. राहील बिनलग्नाचा."

अस्वल लागलं. महाडला उजवीकडे जाणारी होडी इथे डावीकडे निघाली तेव्हा, "अगो, उलटी कुठे चाललीस!" म्हणून मी ओरडलो आणि गाव हसलं. वादळ आलं, फीत जळली नाही. अस्वली किनाऱ्याला लागली, दमून बसली, पाऊस आला म्हणून तिने छत्री उघडली. घडीतून पिल्लू टुपकन खाली पडलं. पहिल्यापासून तिथेच झोपलं होतं ते! मी रडलो, अगदी हमसून रडलो. दत्तूने खांद्यावरचं मोजपट्टीचं भेंडोळं डोळे पुसायला पुढे केलं, रुमाल नव्हता म्हणून. त्यानंतर मी तिघांच्या वाटणीची भाकरी खाल्ली.

सकाळी पेट्या मुंबईला गेल्या. कौल काही लागला नाही. गुरव म्हणाला, "देवीनं बेडूक बघितला नाय, आता निवाडा कसा व्हायचा?" आम्ही परतीच्या एसटीत बसलो आणि पहिल्या थांब्याआधीच पुन्हा भांडायला लागलो.

ते भांडण पुढे आयुष्यभर पुरलं. मास्तर आता नव्वदीला टेकलेत, अजून फोनवर कढई म्हणतात. दत्तूला जाऊन बरीच वर्षं झाली. परवा नातीने विचारलं, "आजोबा, मग तिन्हींत तुमचं आवडतं कुठलं?"

मी म्हटलं, "बेडूक." त्याच्या बाजूने बोलायला आता कुणीतरी हवं ना.