बिनगिलाव्याचं तळघर

अजमानच्या त्या गल्लीत समोरासमोर दोन व्हिला रिकाम्या होत्या, दोन्ही एकाच अरबाच्या. खोल्या तेवढ्याच, अंगण तेवढंच, दोन्हींना खाली तळघर. फरक इतकाच की एकीचं तळघर पूर्ण झालेलं होतं. फरशी, रंग, एसी, कोपऱ्यात बाथरूमसुद्धा. दुसरीचं नुसतं बांधून सोडलेलं. सिमेंटचे ब्लॉक उघडे, खाली कोबा, छतातून वायरी लोंबत होत्या. माझा नवरा पहिल्या तळघरात एक चक्कर मारून म्हणाला, "हेच घेऊ. दादा-वहिनींना बरं पडेल." मी दुसऱ्या तळघरात गेले, भिंतीवरून हात फिरवला, हाताला पांढरी भुकटी लागली आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू!

"मला हे पाहिजे," मी म्हटलं.

घर दाखवणारा एजंट बिचारा गोंधळला. "मॅडम, वो फुल फिनिश है. ये तो गोडाऊन है."

"मुझे गोडाऊन ही चाहिए," मी म्हणाले.

का पाहिजे होतं ते सरळ सांगते, लपवायचं काही नाही. त्या उघड्या सिमेंटवर मला माझ्या थोरल्या जावेला ठेवायचं होतं.

मंदी यायच्या दोन वर्षं आधी आम्ही चिंचवडहून इकडे आलो. नवऱ्याला शारजात नोकरी लागली होती, मुलगी चार वर्षांची होती. थोरले दीर आधीपासून अजमानला होते. त्यांचा धंदा लोकांच्या व्हिला आतून सजवून देण्याचा. फरश्या, फॉल्स सीलिंग, रंग, दारं, सगळं. हाताखाली तीस माणसं. स्वतः भाड्याच्या मोठ्या व्हिलात राहायचे आणि त्या व्हिलाला तळघर होतं. विमानतळावरच भाऊजी म्हणाले, "वेगळं घर कशाला? खाली अख्खा मजला रिकामा आहे. दोन महिन्यांत तुम्हाला मस्त फिनिश करून देतो, इन्शाल्ला."

दोन महिन्यांचे सहा झाले, सहाचे बावीस. बावीस महिने मी त्या उघड्या ब्लॉकांच्या मध्ये संसार केला. छताजवळ एक वीतभर उंचीची खिडकी, तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला तेवढ्या दिसायच्या. कितीही झाडा, कोब्याची धूळ संपायची नाही. उन्हाळ्यात भिंतींना ओल यायची. मुलीला पहिल्याच हिवाळ्यात खोकला लागला, मग धाप लागायला लागली, मग डॉक्टरने तोंडात धरायचा पंप दिला. पाच वर्षांची पोर, बाहुलीच्या पर्समध्ये पंप घेऊन हिंडायची. आणि रोज सकाळी आमच्या डोक्यावरून भाऊजींची माणसं पिकअपमध्ये टाइल्स भरून दुसऱ्यांची घरं चकाचक करायला निघायची. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या!

एकदा मी धीर करून वर गेले. म्हटलं, "ताई, साइटवर उरलेल्या टाइल्स असतील तर तेवढ्या तरी घालून द्या. पोरीच्या छातीला धूळ सोसत नाही." माझी जाऊ सोफ्यावर बसून मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, तात्पुरतंच तर आहे. कशाला उगाच?" आणि मराठी मंडळातल्या बायका आल्या की त्यांना सांगायची, "खाली दीर-जाऊ असतात, एकदम सेपरेट पोर्शन आहे हो त्यांचा." सेपरेट पोर्शन! मी जिन्याखाली उभी राहून ऐकायची आणि दात-ओठ खायची.

शेवटी आम्हीच निघालो. शारजात अल मजाजला एका टॉवरमध्ये एक खोली घेतली, दुसऱ्या कुटुंबाबरोबर स्वयंपाकघर वाटून. तिथे ओटा सामायिक होता, पण मुलीचा खोकला निम्म्याने कमी झाला. मी मनाशी एक गोष्ट पक्की केली. ते मुद्दाम केलं होतं हे मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. विसरलं, राहून गेलं, कामं फार होती, असलं काही नाही. मुद्दाम केलं, एवढे दोन शब्द.

मग मंदी आली. दुबईत क्रेन उभ्याच्या उभ्या थांबल्या. लोक विमानतळावर गाड्या सोडून पळाले म्हणून ऐकायचो. घरंच कोणी बांधेना तर सजवणार कोणाची? भाऊजींची तीस माणसं पाचावर आली, मग एकही उरलं नाही. व्हिला सोडायची वेळ आली. माझ्या नवऱ्याची नोकरी मात्र टिकली आणि भाडी एवढी कोसळली की आम्हालाही व्हिला परवडायला लागली. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. "थोरले तुमच्याकडे राहतील, जम बसेपर्यंत. त्यांनी तुम्हाला ठेवून घेतलं होतं, आठवतंय ना?"

आठवतंय की! चांगलं आठवतंय.

म्हणून मी ते गोडाऊन घेतलं. नवऱ्याला कारण दिलं की त्याचं भाडं वर्षाला चार हजार दिरहमने कमी आहे, म्हणजे पन्नास हजार रुपये झाले की हो. त्याला कळलं होतं, पण भावाला कधी बोलता आलं नाही तसं बायकोलाही त्याला बोलता आलं नाही. सही केली. पुढचे आठ दिवस मी कणीक मळताना एकच वाक्य घोकत होते.

ते आले त्या दिवशी जाऊ सगळ्यात शेवटी गाडीतून उतरली. हातात स्टीलचा डबा, भोवती जरीचा खण गुंडाळलेला. जिन्याच्या तोंडाशी उभी राहून तिने खाली बघितलं. कोबा, वायरी, ब्लॉक. मी एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "अहो ताई, तात्पुरतंच तर आहे."

तिचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. "हो ना," म्हणाली. "पण देव कुठे ठेवू?"

बोंबला! देवांचा मी विचारच केला नव्हता. आमच्या घरात टाक थोरल्याकडे असतात आणि गणपतीही थोरल्याकडेच बसतो. आता थोरले तळघरात, म्हणजे देव तळघरात. आणि देवांच्या डोक्यावरून माणसं चालणार? मी बदला घ्यायला निघाले होते, पण कुळाचे टाक पायाखाली घालायची माझी छाती नव्हती. नवऱ्याने डबा तिच्या हातून घेतला आणि माझ्या हॉलमधल्या शोकेसमधले कप काढून तिथे देव मांडले. दुसऱ्या दिवसापासून जाऊ सकाळी सहाला न्हाऊन वर यायची, माझ्या हॉलमध्ये तासभर पूजा करायची आणि मी स्वयंपाकघरात चहाच्या आधणाकडे बघत बसायची. एवढी चिडचिड व्हायची! पण खाली ओल होती, धूळ होती, तेवढ्यावर मी समाधान मानत होते. समोरची व्हिला रिकामीच होती. तिच्या फाटकावरची भाड्याची पाटी बघून मला दिवसभर बरं वाटायचं.

महिन्याभरात भाऊजींना खोकला लागला. रात्रंदिवस ठसका. माझ्या मुलीचा त्या काकांवर भारी जीव. ती शाळेतून आली की आधी खाली जायची. एकदा तिने तिचा पंप त्यांना नेऊन दिला आणि कसा ओढायचा ते शिकवत बसली. मी जिन्यावरून ते बघितलं. मला वाईट वाटलं असेल असं वाटतं का तुम्हाला? मला वाटलं, बघा आता, कळतंय का कसं लागतं ते. असं वाटलं होतं, म्हणून असंच सांगते.

गणपती दोन महिन्यांवर आला तेव्हा जावेने जेवताना विषय काढला. "पन्नास माणसं येणार प्रसादाला. वर पंगत मावायची नाही. खाली बसवायला हवी." भाऊजी नुसते "बघतो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा पिकअप गल्लीत आला. बंद पडलेल्या साइटवरच्या उरलेल्या टाइल्स, जिप्समच्या शीट, अर्धे अर्धे रंगाचे डबे. हाताखाली माणूस नाही, म्हणून सगळं एकटे करायला लागले. गुडघ्यावर बसून फरशी घातली. गिलावा केला, घासला, पांढरा रंग मारला. वायरी आत घेऊन छत केलं, कोपऱ्यांत दिवे सोडले. साठीला टेकलेला माणूस, खोकत खोकत.

ते खरंच सुंदर झालं होतं. मी खाली गेले आणि पाय गार फरशीवर टेकल्याबरोबर मला संताप आला. दोन महिने लागले होते. मोजून दोन महिने, एकट्या माणसाला. तेव्हा त्यांच्याकडे तीस माणसं होती आणि माझी पोर धापा टाकत होती. मी त्यांना शिक्षा द्यायला ते तळघर घेतलं आणि त्यांनी त्यात मलाच दाखवून दिलं की हे किती सोपं होतं!

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही खाली होतो. मी सतरंज्यांच्या घड्या मोडत होते, जाऊ आरास लावायच्या फुलांची पाकिटं उघडत होती. भाऊजी शेवटच्या चार टाइल्सच्या फटी भरत होते. माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, त्यांच्या शेजारी उकिडवी बसली होती. भोळेपणाने विचारावं तसं तिने विचारलं, "काका, इफ यू कॅन डू ऑल धिस, देन व्हाय डिडन्ट यू डू इट फॉर अस?"

भाऊजींचा हात थांबला. "तेव्हा कामं फार होती गं, बाळा."

"बट यू हॅड सो मेनी वर्कर्स."

ते फडक्याने तीच फट पुसत राहिले. माझी चार वर्षं त्या प्रश्नात होती आणि तो माझ्या तोंडून नाही, तिच्या तोंडून गेला होता.

"त्यांना काय विचारतेस?" माझी जाऊ म्हणाली. "मी नको म्हटलं होतं."

पाकीट खाली ठेवून ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही, की डोळ्यांत पाणी नाही. "त्यांनी टाइल्स आणल्या होत्या दारात. मी ट्रक परत पाठवला. मुद्दाम. खाली सगळं छान झालं असतं तर तुम्ही कशाला निघाला असतात? सासूबाईंनी जन्मभर राहा म्हणून सांगितलं असतं. मला माझ्या घरात मी एकटी हवी होते. पोरीच्या खोकल्याचा आवाज वरपर्यंत यायचा. मी टीव्ही मोठा करायची."

मला जे ऐकायचं होतं ते हेच. मुद्दाम. चार वर्षं ह्या एका शब्दासाठी मी जीव जाळला होता. आता तो मिळाला होता आणि तोंडावर मारायला माझ्याकडे शंभर वाक्यं तयार होती. मी तोंड उघडलं.

"आणि तू?" ती म्हणाली. "समोरच्या घराचं तळघर आम्ही आलो त्याच आठवड्यात मी बघून आले. वॉचमनने उघडून दाखवलं. एसीसुद्धा आहे. म्हणून तर ह्यांना म्हटलं, हात चालवा. गणपतीच्या पंगतीचं निमित्त होतं, दुसरं काय? आता झालंय सगळं आमच्या मनासारखं. आम्ही काही लगेच हलत नाही."

भाऊजींना ठसका लागला. इतका लागला की ते भिंतीला टेकून बसले. मुलगी त्यांची पाठ चोळत होती. चोळता चोळता तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"आई, तुला ठाऊक होतं? ते दुसरं तळघर?"

ती मराठीत बोलली. इतक्या वर्षांत माझ्या प्रश्नांना मराठीत उत्तर न देणारी पोर, तिने ते मराठीत विचारलं, म्हणजे मला नीट कळावं.

"हो," मी म्हणाले.

तिने काकांना हाताला धरून उठवलं आणि पाणी द्यायला वर घेऊन गेली. आम्ही दोघी जावा खाली उरलो. सतरंज्यांचं एक टोक तिने धरलं, दुसरं मी, आणि पन्नास माणसांना पुरतील एवढ्या आम्ही एकमेकींकडे न बघता अंथरल्या.