डिक्कीत अडकलेले बाबा

आर्णी शहर आणि पंचक्रोशीतल्या तमाम वाहनधारकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की एका सद्गृहस्थांना भर दुपारी, माझ्या दुकानासमोर, स्वतःच्याच गाडीच्या डिक्कीत दोन तास अडकून पडावं लागलं. गृहस्थ तीन दिवसांपूर्वीच वारले होते, एवढाच काय तो दिलासा.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. गाडीतलं जे जे करंटवर चालतं ते बिघडलं, की लोक माझ्याकडे येतात. त्या दिवशी एक जुनी पांढरी कार येऊन थांबली. चाळिशीतला माणूस उतरला. डोक्याचं नुकतंच मुंडण केलेलं. मागच्या सीटवर त्याची म्हातारी आई होती.

"डिक्की उघडून नाही राह्यली, भाऊ. बटन दाबून दाबून अंगठा दुखला."

"चाबी लावा न मंग."

"चाबीचं भोकच नाही."

खरंच नव्हतं. कधीतरी मागून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची ठोकर बसली होती. डेंटरनं पत्रा सरळ करताना भोक पुट्टीनं बुजवलं आणि वर रंग मारला. बटन आहे तर चाबी कायले पाहिजे, असं गाडीमालकाचं म्हणणं पडलं होतं.

"मालकाले फोन लावा," मी म्हटलं. "त्याईनं काही तरी जुगाड करून ठेवला असन."

"मालक आतच हायेत."

"कुठी आत?"

"डिक्कीत. बाबा हायेत."

माझ्या हातातला टेस्टर खाली पडला. त्यानं माझा चेहरा पाहिला आणि घाईघाईनं म्हणाला, "अस्थी, भाऊ. अस्थी."

मी आजवर शेकड्यानं डिक्क्या उघडल्या असतील. डिक्कीला हात जोडायची ती पहिली वेळ.

माणसं फुलसावंगीकडची. अस्थी घराच्या उंबऱ्याआत नेत नाहीत, म्हणून कलश मसणवटीतून थेट डिक्कीत ठेवला होता. वर्धा नदीवर जायचं होतं. घाटावर महाराज आणि पाहुणे येऊन बसले होते, आणि दिवस मावळायच्या आत विसर्जन व्हायला हवं होतं. दिवस हिवाळ्याचे, लहान. चहाला थांबले, कलश आडवा तर झाला नाही ना म्हणून बघायला गेले, तर डिक्की बंद ती बंदच.

म्हातारी उतरून माझ्या स्टुलावर बसली. "अरुणावतीच्या पुलावर माहा डोळा लागला," ती मला म्हणाली. "सांगाचं राहून गेलं. म्हून हे अडून बसले."

आमच्याकडे अस्थी नेताना वाटेत नदी-नाला आला की गेलेल्या माणसाला सांगतात, पूल आला, संगं चाला. नाही सांगितलं तर तो अलीकडेच राहतो म्हणतात.

"माय, मशीनचा बिघाड हाये हा," मी म्हटलं. "अर्ध्या घंट्यात काढतो."

हे वाक्य मी का बोललो, देव जाणे.

फ्यूज पाहिला, चांगला होता. बटन दाबलं की रिले टकटक करत होता. रिले म्हणजे छोटा मुकादम. बटनाचा निरोप मिळाला की तो मोटारीला करंट सोडतो. तरी मी रिले बदलला. मग बॅटरीची टर्मिनलं घासली. मग बटनच खोललं. इलेक्ट्रिशियनला जगातला प्रत्येक बिघाड वायरीतच दिसतो, हा आमच्या धंद्याचा रोग आहे. शेवटी डिक्कीला कान लावला. आत लॉकची मोटार घुर्र करत होती. म्हणजे करंट पोचत होता, मोटार जोर लावत होती, पण लॉकचा जबडा सुटत नव्हता. यात तास गेला.

म्हातारीच्या पोराचा फोन सारखा वाजत होता. "हो महाराज, निंघालोच," असं तो तिसऱ्यांदा खोटं बोलला आणि माझ्याकडे वळला. "कापा भाऊ. पत्रा कापा."

"याईच्या गाडीले ग्राइंडर लावतं?" म्हातारी ताडकन उठली. "दर अमावशेले धूत होते हे गाडी!"

"माय, सूर्य थांबणार हाये काय?"

पदर तोंडाशी धरून तिनं पाठ फिरवली. मी ग्राइंडर जोडला, चष्मा लावला. चालू करणार तेवढ्यात सवयीनं विचारलं, "आत पेट्रोलचा डबा गिबा नाही न?"

"नाही. बाबा आन कापूस."

"कापूस?"

"कलश हालू नये म्हून भरला. बाबाच्याच वावरातला."

"किती?"

"दोन पोते. मोकळा करून."

मी पिन काढून ग्राइंडर दुकानाच्या पार आत फेकला. एक ठिणगी, आणि बाबांना दुसऱ्यांदा अग्नी मिळाला असता.

"झाकन कसं लावलं मंग?"

"मी आन काका वर बसलो. बैलगाडीत कापूस तुडवतो न आपण, तसा तुडवला."

आता मला समजलं. खाली तुडवलेला कापूस झाकणाला वर रेटत होता. जबडा त्या ताणाखाली आवळला होता, आणि मोटार बिचारी बोटाएवढी. माणसानं लाख बटन दाबलं तरी ती काय करणार?

मागची सीट काढली. तिच्यामागे पत्र्याला हात जाईल एवढं भोक असतं. खांद्यापर्यंत हात घातला आणि कापसातून वाट काढत लॉकपर्यंत पोचलो. जबड्यात अडकलेले पेळू चिमटीनं ओढून काढले. खटका बोटाला लागला. ओढला. हालेना. अंगठ्याची कातडी निघाली, तरी हालेना.

"वरून दाबा!" मी आतून ओरडलो. पोरगा पलीकडे फोनवर महाराजांच्या पाया पडत होता. त्याला ऐकू गेलं नाही.

पण डिक्कीपाशी म्हातारी उभी होती. तिनंही माझं ऐकलं नव्हतं. ती आपलं ऐकवत होती. तिनं दोन्ही तळवे झाकणावर टेकले, सगळा भार टाकला, आणि धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वावराच्या पार टोकाला जाईल अशी हाक मारली, "अहोऽऽ! पूल आला होऽऽ! चाला आता!"

झाकण बोटभर खाली बसलं. माझ्या चिमटीत खटका सुटला. खट्!

झाकण वर उडालं आणि पांढराशुभ्र कापूस तिच्या अंगावर ओसंडला. मध्ये लाल फडक्यातला कलश. सरळ, जागच्या जागी.

अर्धा कापूस काढून ठेवला, लॉक साफ केलं, आणि ते निघाले. सूर्य हातभर उरला असताना घाटावर पोचले, असा पोराचा फोन आला. जाताना वाटेतला प्रत्येक पूल आल्यावर तो बाबांना मोठ्यानं सांगत गेला म्हणे. तेव्हापासून माझा नियम असा, की डिक्कीला हत्यार लावण्याआधी आत काय आहे ते विचारायचं, आणि खटका ओढताना वरून दाबायला माणूस ठेवायचा.

पण डिक्की उघडली त्या क्षणी रस्त्यावरची माणसं चहाचे कप धरून उभी होती. पोरगा रडायला आला होता. मी अजून खांद्यापर्यंत आत होतो. आणि कापसानं माखलेली म्हातारी कलशाकडे पाहून सगळ्यांसमोर बोलून गेली, "पाहा, जित्तेपनीबी असेच होते! धुऱ्यावर उभं राहून बोंबलल्याबिगर घरी येतच नव्हते!"